‘एक्झिट’ आणि बाकीचे शब्द



बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून दोन महिने नुसती धावपळ असते. फॉर्म, फोटो, दाखले, झेरॉक्स. पण कॉलेजच्या कागदांवर जे शब्द छापलेले असतात ते कोणी वाचत नाही. वडिलांना दुकानातून सवड नाही, आणि आपण म्हणतो, ‘तिचं तिला कळतं.’ तिलाही कळत नसतं. त्या वयात विचारायला संकोच वाटतो, एवढंच.

यंदा माझ्या नणंदेची नात बी.कॉम.ला गेली. ‘मामीआजी, तुम्हीपण बी.कॉम. ना? मग हे सांगा,’ म्हणून तिने कागद पुढे केला. माझी पदवी १९८२ ची. तिच्यावर नुसतं ‘मराठवाडा विद्यापीठ’ आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव १९९४ मध्ये लागलं. आमच्या वेळी पास किंवा नापास, संपला विषय. हिच्या कागदावर क्रेडिट, मेजर, मायनर, एसजीपीए, एबीसी! नव्या शैक्षणिक धोरणाचे हे शब्द. चौदा गुणस्थानं क्रमाने म्हणणाऱ्या बायका आपण, हे काही जड नाही. बसलो दोघी.

क्रेडिट म्हटलं की मला खतावणीच आठवते, आणि अर्थही तोच निघाला, जमा. वर्गातले १५ तास म्हणजे १ क्रेडिट. प्रात्यक्षिक असेल तर ३० तासांना १. एका सत्रात, म्हणजे सेमिस्टरमध्ये, साधारण २० ते २२ क्रेडिट. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतला असतो, कॉमर्सच्या मुलीने कला किंवा विज्ञानाचा घ्यावा असा.

एसजीपीए म्हणजे टक्के नव्हेत. त्या सत्राची ती सरासरी, पण क्रेडिटचं वजन धरून. समजा ४ क्रेडिटच्या विषयात ८ गुणांक आणि २ क्रेडिटच्या विषयात ५. चार आठे बत्तीस, दोन पाचे दहा, झाले ४२. भागिले ६, म्हणजे ७. साधी सरासरी काढली असती तर साडेसहा आली असती. म्हणून मुलींना सांगा, जास्त क्रेडिटच्या विषयाला आधी वेळ द्या. सगळ्या सत्रांची मिळून होते ती सीजीपीए.

एटीकेटी हा शब्द आमच्या वेळेपासूनचा. ‘अलाउड टू कीप टर्म्स’, म्हणजे पुढच्या वर्गात बसून राहिलेला विषय काढायची मुभा. मुभा! आणि ‘एटीकेटी लागली’ म्हणून मुलगी नापास समजून घरी बसवलेली मी पाहिली आहे.

आपल्या जिल्ह्याचं आणखी एक. नळदुर्ग-तुळजापूरच्या मुलीला सोलापूर जवळ, उमरग्याच्या मुलीला लातूर. पण सोलापूरचं विद्यापीठ वेगळं आणि लातूरची कॉलेजं नांदेडच्या विद्यापीठाखाली. मध्येच तिकडे जायचं तर इथून मायग्रेशनचा दाखला काढावा लागतो. टीसी वेगळी, ती कॉलेज सोडल्याची. बोनाफाइड म्हणजे ‘ही आमची विद्यार्थिनी’ एवढंच, एसटीच्या पासाला लागतं ते.

एबीसी म्हणजे क्रेडिटची बँक. मुलीच्या नावाचं खातं उघडतं आणि मिळवलेले क्रेडिट तिथे जमा होतात. इथे सुनांनी नीट लक्ष द्या. लग्नानंतर आधारवर नाव बदललेलं, बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं. नावं जुळली नाहीत की खातं अडतं. शिकायचं मनात असेल तर हे काम आधी उरका.

आता ‘एक्झिट’. नातीला अकलूजकडचं एक स्थळ आलं. माणसं चांगली आहेत. मुलाचे काका म्हणाले, ‘एक वर्ष करू द्या की. सर्टिफिकेट मिळतं, मग एक्झिट घेता येते.’ नणंदबाईंना ते पटलंसुद्धा. कागद मिळतोय म्हटल्यावर शिक्षण झालंच, असं त्यांना वाटलं.

मी त्यांना वाचून दाखवलं. पहिल्या वर्षानंतर मिळतं ते सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, पदवी तिसऱ्यानंतर, किमान १२० क्रेडिट झाल्यावर. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. पहिल्या वर्षाला बाहेर पडायचं तर वेगळे ४ क्रेडिट कौशल्याच्या कामाचे करावे लागतात. परत यायचं तर तीन वर्षांच्या आत, आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची. लग्न, पहिलं बाळंतपण, सासरचं दुकान, यात तीन वर्षं कधी गेली कोणाला कळतात?

सोय वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या वर्गातली एक मैत्रीण दुसरं वर्ष झाल्यावर लग्न होऊन गेली. दोन वर्षं अभ्यास केला, हातात काही नाही. फॉर्मवर अजून ‘बारावी पास’ लिहिते. तिच्यासारखीला हे दार हवंच होतं. पण अडचणीत उघडायचं दार लग्नाच्या बोलणीतच उघडून ठेवायचं, हे मला मान्य नाही.

वन्संना मी एवढंच म्हटलं की बोलणीत ‘शिकू देऊ’ असं मोघम नको, ‘तीन वर्षं, पदवी’ असं ठरवून घ्या. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच भाच्याला अकलूजला फोन करायला लावला.

तिकडचा निरोप अजून आलेला नाही. पहिल्या सत्राचा परीक्षेचा फॉर्म मात्र भरून झाला. तो पाहताना वन्सं चष्मा लावून विचारत होत्या, ‘यात मेजर कुठला गं?’