गोडे पाणी

बदलीची नोकरी करणाऱ्या माणसाला दोन विद्या लवकर आत्मसात कराव्या लागतात. एक सामान बांधण्याची आणि दुसरी पाणी मानवून घेण्याची. सामानाचे तसे काही कठीण नाही. चार बिऱ्हाडे बदलली की बरण्यांना वर्तमानपत्र कसे गुंडाळावे हे बायकोला आणि पुस्तकांची खोकी कोणाच्या डोक्यावर द्यावीत हे नवऱ्याला कळू लागते. पाण्याची गोष्ट निराळी. नव्या गावी पाऊल टाकले की जो तो विचारतो, "काय, पाणी मानवलं का इथलं?" माणसे मानवली का, असे कोणी विचारीत नाही. पाणी मानवले की माणसे आपोआप मानवतात, असा आपल्या लोकांचा जुना समज आहे. तुम्ही हसाल, पण आमच्या घरी हा समज अक्षरशः खरा ठरला आणि तोही गळाच्या टोकाला लागून!

मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावचा. मासा म्हणजे समुद्राचा, ही आमच्या गावाची श्रद्धा. सुरमई, बांगडा पहिल्या पंक्तीला, खाडीतली बोय आणि काळुंदर दुसऱ्या पंक्तीला. नदीतल्या माशाला आमच्याकडे पंक्तीचे आमंत्रणच नाही! अशा गावचा मी २०१५ साली साताऱ्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवायला येऊन पडलो. अजिंक्यताऱ्याकडे पाहत तीन वर्षे कशी गेली ते कळले नाही. २०१८ साली आई गेली आणि गावच्या घराला कुलूप लावून बाबांना मी साताऱ्याला घेऊन आलो.

बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. हयातभर दुसऱ्यांची पत्रे बिनबोभाट पोचवली, त्यामुळे असेल, स्वतःची तक्रार कोणापर्यंत पोचवायची त्यांना सवय नव्हती. ताटात पडेल ते जेवत. नातवंडांचा अभ्यास घेत. फक्त संध्याकाळ झाली की गॅलरीत उभे राहून विचारीत, "आज ओहोटी किती वाजता असेल रे?" समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून अधिक उंचीवरच्या गावात या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे? पहिल्यांदा मुले हसली. पुढे पुढे त्यांनी हसणे सोडून दिले. एके दिवशी बायको मला हळूच म्हणाली, "त्यांना कुठं तरी पाण्याजवळ घेऊन जा हो. हे काही खरं नाही."

साताऱ्याच्या माणसाला पाणी म्हटले की आठवते संगम माहुली. वेण्णा येऊन कृष्णेला मिळते ती ही जागा. रामशास्त्री प्रभुण्यांचे गाव. इथे काळ्या दगडांची जुनी देवळे आहेत, राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्या आहेत आणि शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी आहे. अशा इतिहासप्रसिद्ध घाटावर बाबांना घेऊन गेलो तो काय! आमच्या बी. ए.च्या वर्गात सोमवारी कधीही न दिसणारा एक विद्यार्थी पायरीवर काठी धरून बसलेला. मला पाहताच तो ताडकन उठला आणि विडी लपवावी तशी काठी पाठीमागे लपवू लागला. मी काही बोलण्याच्या आत बाबा पुढे झाले.

"काय लावलंयस रे गळाला?"

"गांडूळ, आजोबा."

"हं. आणि पाणी किती खोल आहे?"

साताऱ्यात आल्यापासून बाबांनी परक्या माणसाशी आपणहून केलेले हे पहिले संभाषण. सोमवारच्या गैरहजेरीचा विषय अर्थातच मी पुढे ढकलला.

तो मुलगा भोयाच्या घरचा. पुढच्या चार महिन्यांत त्याने आम्हां दोघांना गोड्या पाण्याची बाराखडी शिकवली. वर्गात मी त्याचा गुरू आणि घाटावर तो माझा! ज्यांना ही विद्या नव्याने शिकायची असेल त्यांच्यासाठी सांगतो, की तिला भांडवल फार लागत नाही. एक लवचीक बांबू, चार-पाच वाव तंगूस, दोन-तीन आकारांचे गळ, शिशाची बारीक गोळी आणि तरंगायला बुचाचा तुकडा, एवढे पुरते. आमिष म्हणून ओल्या मातीतले गांडूळ, नाही तर कणकेची गोळी. कणीक पाण्यात लगेच विरघळते, म्हणून मळताना तिच्यात चिमूटभर कापूस घालायचा. बूच असे बांधायचे की गळ तळाच्या जरा वर तरंगेल. "सर, बूच हाललं की लगेच वडायचं न्हाई," तो मला सांगे. "ते नुसतं चाखून बघतंय. बूच बुडलं की मग वडा." कवितेच्या तासाला हेच मी मुलांना निराळ्या शब्दांत सांगत आलो आहे, पण माझे इतक्या मुकाट्याने कोणी ऐकल्याचे स्मरत नाही.

पहिला मासा बाबांच्या गळाला लागला. वीतभर लांबीची, मिशाळ शिंगटी. पाण्याबाहेर काढताच ती कर्र् कर्र् असा आवाज करू लागली. तिच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांशी टोकदार काटे असतात. हात चुकला तर बोट ठणकते. ती कशी धरायची ते त्या मुलाने दाखवले. घरी आणून बायकोने मीठहळद चोळली, कोकम घातले, तिरफळे घातली. एका शिंगटीचे पाच वाटे झाले. सगळे बाबांच्या तोंडाकडे पाहत होते. पहिला घास सावकाश खाऊन ते म्हणाले, "चव आहे. पण मिठाची आठवण नाही हिला."

मला वाटते, आमच्या घरात त्या वर्षात कोणी बोललेले ते सर्वांत लांब वाक्य होते. आईविषयी आम्ही बोलत नव्हतो, गावच्या घराविषयी बोलत नव्हतो. त्या रात्री मात्र बाबा खाडीविषयी बोलले, आई शिंपल्या कशा निवडायची ते बोलले, आणि रात्री बारा वाजेपर्यंत बोलत राहिले.

आता मी पडलो मराठीचा माणूस. मासा हाती आला की त्याच्या नावाच्या मागे लागणार! महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माशांच्या याद्या चाळताना मला मोठी गंमत सापडली. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई सरकारच्या नोकरीत असताना दख्खनची बारकाईने पाहणी केली. इथल्या माशांची शास्त्रीय नावे ठेवताना त्याने ग्रीक-लॅटिनच्या जोडीला सरळ मराठी शब्द बसवले. आमच्या शिंगटीचे शास्त्रीय नाव 'मिस्टस सींगटी', आणि त्यापुढे साल १८३९! कोळशी माशाच्या नावात 'कोलूस' आहे, मुरीच्या नावात 'मूरे' आहे. दख्खनचा प्रसिद्ध महसीर जगभर 'टोर खुद्री' म्हणून ओळखला जातो, त्यातला 'खुद्री'ही इथलाच. पुढे १९५२ साली सी. व्ही. कुलकर्णी या मत्स्यशास्त्रज्ञाने कृष्णेच्या खोऱ्यातल्या एका माशाचे नाव ठेवले, 'खवलचोर'. हा पठ्ठ्या दुसऱ्या माशांचे खवले खाऊन जगतो! भाषा मरते की जगते यावर आम्ही परिसंवाद घेतो, आणि ती इकडे लंडनच्या कपाटांतल्या बाटल्यांवर सुखाने नांदत आहे.

मी ही हकीकत मोठ्या उत्साहाने बाबांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "साहेबाला ही नावं सांगितली कुणी?"

"सांगितली असतील कुणी भोयांनी, कोळ्यांनी."

"मग त्यांची नावं कुठं आहेत?"

पत्ता नीट लिहिलेला आणि पाठवणाऱ्याचे नावच नाही, असे पत्र हातात आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मजजवळ उत्तर नव्हते.

नदीवर बसू लागल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. बदली काही माणसांचीच होत नाही. बाजारात हौसेने घेतो ते कटला, रोहू आणि मृगळ मूळचे उत्तरेकडच्या गंगेच्या खोऱ्यातले. तिकडून बीज आणून आपल्याकडच्या तळ्याधरणांत सोडलेले. गळाला हमखास लागणारी चिलापी तर थेट आफ्रिकेची. ती १९५२ साली भारतात आली आणि जाईल तिथे बिऱ्हाड थाटून बसली. तिची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात धरून सांभाळते. असे प्रवासी कुठेही तगणारच! पण परक्यांची भरभराट झाली की घरच्यांची जागा आकसते, हेही तितकेच खरे. कोळशी, मुरी ही नावे आता म्हाताऱ्या भोयांच्याच तोंडी अधिक ऐकू येतात.

नवशिक्यांसाठी आणखी दोन शब्द. धरणाचे पाणी विस्तीर्ण दिसले म्हणून लगेच काठी काढू नये. जलाशयातली मासेमारी बहुधा सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, आधी विचारावे. कोयनेच्या शिवसागराभोवती तर अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे डोळ्यांनीच मासे पकडावेत. आणि सांगलीकडे येणार असाल तर तिसरा शब्द : मगर.

२०२२ च्या जूनमध्ये माझी सांगलीला बदली झाली. कृष्णा तीच, पण इथे ती भरल्या घरातल्या थोरल्या सुनेसारखी रुंद आणि संथ. १९२९ सालच्या आयर्विन पुलाखालून ती हरिपूरला जाते आणि तिथे वारणेला भेटते. पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेले की धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेले होते. थंडीत भिलवडी-औदुंबरच्या बाजूला मगरी काठावर उन्हाला पडतात. म्हणून इथे पाण्यात पाय सोडून बसायचे नाही, घाटाच्या वरच्या पायरीवर बसायचे आणि उजेड आहे तोवरच.

दुसरी अडचण घरमालकांची. माणसे सज्जन, पण घर देताना एकच अट घातली, घरात मासे शिजता कामा नयेत. मी बाबांकडे पाहिले. त्यांनी मान डोलावली. पुढच्या रविवारी घाटावर चांगला हातभर रोहू त्यांच्या गळाला लागला. त्यांनी तो ओल्या हाताने सोडवला आणि पाण्यात परत सोडला. "न खायचा मासा मारायचा कशाला?" एवढेच म्हणाले. सत्तर वर्षे मासे खाल्लेला माणूस! मी मनातल्या मनात घरमालकांवर चिडलो. बाबा मात्र पुढची गोळी मळीत होते.

आणि मग २०२३ चा मार्च आला. अंकलीच्या परिसरात कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. वर्तमानपत्रांत फोटो आले, आरोप झाले, चौकश्या झाल्या. शास्त्र असे सांगते, की पाण्यात घाण साचली की ती कुजवणारे जंतू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे वर येऊन तोंडे उघडतात. बाबांना ते सांगायची गरज नव्हती. ते काठावर उभे राहून एकेका माशाचे नाव घेत होते. "शिंगटी. वाम. रोहू. ही चिलापी. ही कोळशी बघ, अजून होती म्हणजे." मी पंचवीस वर्षे वर्गात हजेरी घेतो आहे. अशी हजेरी मी ऐकली नव्हती. तगण्यात तरबेज चिलापीही त्यात होती. घरचा आणि परका हा हिशेब त्या दिवशी नदीने एका ओळीत मिटवून टाकला.

त्या वर्षी पाऊस उशिरा धरला. पहिल्या मोठ्या सरीनंतर मासे अंडी घालायला ओढ्यांतून वर चढतात. घाटावर याला चढणीचे मासे म्हणतात, कोकणात वलगण. आमच्या गावी वलगणीच्या रात्री कोणी झोपत नाही. टोपल्या, कंदील, जे मिळेल ते घेऊन लोक धावतात, आणि बाबा त्यांत सर्वांत पुढे असत. सांगलीबाहेरच्या एका ओढ्यावर काही पोरे तसेच मासे धरीत होती. बाबा छत्री घेऊन त्यांच्यापाशी गेले. एकाच्या टोपलीतली पोट फुगलेली मादी उचलून म्हणाले, "ही गाभोळीची आहे रे. हिला जाऊ दे. मार्चात एवढे गेले, आता भरती व्हायला नको?" पोरांनी एकमेकांकडे पाहिले. एकाने टोपली थोडी कलती केली. थोडीशीच, सगळी नव्हे.

नदीचे पुढे काय होईल ते सांगणारा मी कोण? चार माशांनी नदी भरत नाही, हे मलाही कळते. पण गावचे घर विकायचे की ठेवायचे, बाबा इथे राहणार की परत जाणार, हे प्रश्न जे आमच्या घरात पाच वर्षे कोणी तोंडातून काढीत नव्हते, ते आता घाटाच्या पायरीवर आरामात बोलले जातात. घर ठेवायचे ठरले आहे. मे महिन्यात जायचे, पावसाळ्याआधी परतायचे.

परतायचे, हा शब्द बाबांचा. परवा गावाहून त्यांच्या मित्राचा फोन आला होता. इकडचा पाऊस कसा आहे, असे त्याने विचारले असावे. बाबा म्हणाले, "थांबलाय. आमच्या नदीचं पाणी निवळायला लागलंय."

फोन ठेवल्यावर त्यांनी मला मिरजेहून येताना थोडे मोठे गळ आणायला सांगितले.