दोन सेकंदांचा उजेड

आमच्या पोटमाळ्यावर दोन मॉनिटर आहेत. एक फुगीर, पंधरा इंची, १९९९ साली घेतलेला. दुसरा चपटा, २००५ चा. दर चवथीआधी साफसफाई निघाली की घरात एकच प्रश्न विचारला जातो, "हे कधी काढणार?" फुगीराच्या काचेत शिसं असतं, तो साध्या भंगारात टाकायचा नसतो, ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत, वगैरे माझं भाषण आता सगळ्यांना पाठ झालं आहे. चपट्याच्या बाबतीत मात्र माझ्याकडे भाषण नाही. तो मला टाकवत नाही, एवढंच.

पण आधी फुगीराविषयी. आमच्या गावात तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा कोणी नव्हता. काही बिघडलं की मॉनिटर स्कूटरवर मांडीत घेऊन फोंड्याच्या एका टीव्हीवाल्याकडे न्यायचा. टीव्ही आणि मॉनिटर हे सख्खे भाऊ, असं तो म्हणायचा. आणि त्याचा एक मंत्र होता: "आदीं नाकान पळय, मागीर हात लाय." आधी नाकाने बघ, मग हात लाव. जूनमध्ये पावसाची झड लागली की आमच्या मॉनिटरच्या पाठीमागून चर्र चर्र आवाज यायचा, ओझोनचा उग्र वास सुटायचा, चित्र थरथरायचं. जळका वास असता तर गोष्ट वेगळी. ओझोनचा वास म्हणजे ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली ओली धूळ साचली आहे आणि तिथून वीज गळते आहे. त्याने ती पुसून, वाळवून दिली. मला मात्र तो कधी उघडू द्यायचा नाही. रंगीत ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात, आणि प्लग काढल्यावरही ती काच विजेचा भार धरून बसते. ही सूचना मी आजही सगळ्यांना देतो. जुना टीव्ही, जुना मॉनिटर, हौसेने उघडायचा नाही.

एकदा पडद्यावरचा लाल रंगच नाहीसा झाला. पांढऱ्याचं निळसर-हिरवं झालं. ट्यूब गेली, आता सहा-सात हजारांना खड्डा, या विचाराने मी रात्रभर झोपलो नाही. टीव्हीवाल्याने मॉनिटर उघडलासुद्धा नाही. केबलच्या टोकाच्या पिना उजेडात धरून बघितल्या. पहिली पीन लाल रंगाची, ती वाकली होती. चिमट्याने सरळ केली. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र माझ्याकडून प्यायला.

बाबांनी त्या मॉनिटरपासून एक वाईट सवय उचलली होती, थाप मारायची. फुगीराच्या आत कुठेतरी डाग सुटला होता, ड्राय सोल्डर म्हणतात तो. त्यामुळे थाप मारली की चित्र यायचं. पुढे चपटा आला तरी बाबांची थाप सुटली नाही.

आता २००९ ची चवथ. बाबा निवृत्त मराठी शिक्षक. त्या वर्षी त्यांनी धालोची गाणी उतरवून घ्यायला घेतली होती. पौष महिन्यात रात्री मांडावर बायका दोन रांगा करून, समोरासमोर डुलत गातात ती. आमच्या आत्याला ती जितकी येत तितकी आमच्या ओळखीत कोणालाच येत नव्हती. पण ती ऐंशी ओलांडलेली, आज आठवेल ते उद्या आठवेलच असं नाही. चवथीला ती माहेरी आली, तेव्हा बाबांनी तिला कॉम्प्युटरजवळ खुर्ची दिली. ती सांगत गेली, बाबा थेट टाइप करत गेले. वहीत काहीच नाही. वर्डपॅडमध्ये, जुन्या मराठी फॉन्टमध्ये, चार गाणी. आणि फाइल सेव्ह केलेली नाही! सेव्ह हे काम मी येऊन करायचं असतं, अशी बाबांची ठाम समजूत होती.

मॉनिटर आठवडाभर कुरकुरत होता. सकाळी तीन-चारदा बटण दाबावं तेव्हा पेटायचा. त्या संध्याकाळी पाऊस कोसळत होता आणि वीज गेली. यूपीएस किंचाळायला लागला. कॉम्प्युटर चालू राहिला, पण मॉनिटर काळा झाला. बाबांनी दोन थापा मारल्या. मी बटण बंद करून परत दाबलं. अक्षरं दिसली. एक, दोन, की परत अंधार. पुन्हा दाबलं, पुन्हा दोन सेकंद.

"सगळें गेलें मरे," बाबा म्हणाले आणि त्यांचा हात कॉम्प्युटरच्या बटणाकडे गेला. बंद करून परत सुरू करावा म्हणून. मी तो हात अक्षरशः धरला. बाबांचा हात असा धरण्याची माझी पहिलीच वेळ.

मॉनिटरचा हिरवा दिवा पेटलेलाच होता. हिरवा म्हणजे वीज आहे आणि कॉम्प्युटरकडून चित्रही येतं आहे. नारिंगी असता तर केबलकडे किंवा कॉम्प्युटरकडे बघावं लागलं असतं. चपटा पडदा स्वतः उजेड देत नाही. या जुन्या पडद्यांमागे पेन्सिलीहून बारीक फ्लुरोसंट नळ्या असतात, आणि त्यांना शेकडो व्होल्ट पुरवणारा एक छोटा इन्व्हर्टर. काही बिनसलंय असं त्याला वाटलं की तो दोन सेकंदांत नळ्या विझवतो. पण पुढच्या काचेवरची अक्षरं जागच्या जागी असतात. हे मला माहीत होतं. डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं.

समईच्या उजेडात काही दिसेना. आईने बॅटरी आणली. पडद्याला जवळजवळ टेकवून तिरकी धरली, आणि बशीएवढ्या गोलात राखाडीवर काळी, पुसट अक्षरं उमटली. "आसा बाबा, खंय वचूंक ना," मी म्हणालो. आहे, कुठे गेलेलं नाही.

यूपीएसची बॅटरी दमलेली, दहा मिनिटांची पाहुणी. कंट्रोल आणि एस दाबलं. आईने बॅटरी फिरवत नाव लिहायची चौकट शोधली. मी 'धालो' असं रोमन अक्षरांत टाइप केलं, एंटर दाबलं. चौकट गेली का, हे बघायला पुन्हा बॅटरी. वर फाइलचं नाव आलं होतं. तेवढ्यात आत्या म्हणाली, "पाचवें आठवलां." तिला थांबवणं मला जमलं नाही. बाबा कागद शोधायला धावले, आणि यूपीएस मेला.

दीड दिवसाचा गणपती पोचवून मी मॉनिटर फोंड्याला नेला. टीव्हीवाल्याने मागचं झाकण उघडलं आणि बोट ठेवलं. दोन कपॅसिटर, एक हजार मायक्रोफॅरडचे. त्यांचं डोकं सपाट असायला हवं, ते पोळीसारखं फुगलेलं. आतला रस उष्णतेने सुकत जातो. थंड असताना तर असे कपॅसिटर फारच कमी काम करतात, म्हणून सकाळची तीन-चारदा बटण दाबायची कटकट. त्या दशकाच्या सुरुवातीला असे कच्चे कपॅसिटर जगभर लाखो यंत्रांत बसले होते, ही माहिती मला नंतर मिळाली. त्याने एकशे पाच अंशांचे नवे घातले. कपॅसिटरचे वीस रुपये, मजुरी दीडशे. फेकला असता तर नव्याला पाच-सहा हजार.

घरी आणून लावला, पेटला, पेटलेलाच राहिला. आत्या अजून होती. बाबांनी चारही गाणी तिला मोठ्याने वाचून दाखवली, कागदावरचं पाचवंही. तिसऱ्यात ती मध्येच म्हणाली, "तशें न्हय रे," आणि एक शब्द बदलून सांगितला. बाबांनी सुधारला. मग माझ्याकडे न बघता, दोन बोटांनी, कंट्रोल आणि एस दाबलं.