पडताळता येईल असा न्याय

प्रिय अविनाश,

तुझं म्हणणं असं की, ‘नीट’मुळे देशभर एकच परीक्षा आली, गुणवत्ता यादी लागू लागली, आणि वैद्यकीय प्रवेशातला न्यायाचा प्रश्न तिथेच मिटला, त्यापुढचा पारदर्शकतेचा आग्रह म्हणजे कोर्टबाजीला आयतं निमंत्रण. एकाच परीक्षेमुळे देणगी मोजून जागा पटकावणं अवघड झालं, हे मला मान्य आहे. पण यादी लागणं वेगळं आणि ती बरोबर आहे की नाही हे कुणालाही तपासता येणं वेगळं. ज्याला ती तपासता येत नाही, त्यानं तिला न्याय म्हणावं ते कशाच्या भरवशावर?

२०२४ चं प्रकरण बघ. ४ जूनला निकाल लागला आणि ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण मिळालेले दिसले. पण संशयाला खरी धार आली ती ७१८ आणि ७१९ या आकड्यांनी. सोडवायचे १८० प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. म्हणजे एक प्रश्न सोडला तर ७१६, चुकला तर ७१५. मग ७१९ आले कुठून? परीक्षेत वेळ वाया गेला म्हणून १५६३ जणांना वाढीव गुण दिले होते, हे त्यानंतर सर्वांना कळलं. ते गुण पुढे रद्द झाले आणि २३ जूनला त्या मुलांसाठी ऐच्छिक फेरपरीक्षा घेतली गेली. गुणदानाचा नियम जाहीर होता म्हणून साध्या बेरीज-वजाबाकीनं विसंगती सापडली. वाढीव गुणांचं सूत्र जाहीर नव्हतं म्हणून गोंधळ माजला. दुसरा आरोप पेपरफुटीचा. पाटणा आणि हजारीबाग इथली पेपरफुटी खरी निघाली, पण ती देशभर पसरली होती का, हा प्रश्न उरला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांची ओळख झाकून शहर आणि केंद्रनिहाय गुण प्रसिद्ध करायला लावले. हे आकडे आणि इतर पुरावे पाहून २३ जुलैला परीक्षा रद्द करायला नकार दिला गेला. शेवटी परीक्षेची बाजू सावरायलाही माहिती उघड करावी लागलीच की!

तू म्हणशील, यात मुलांच्या खासगीपणाचं काय? नावं झाकून गुण देता येतात, हे त्याच आदेशानं दाखवलं. खटले वाढतील ही तुझी भीतीही मला उलटी वाटते. कारण कळलं नाही की माणूस वकील गाठतो. आपला नंबर का हुकला हे कागदावर दिसलं, तर बरेचसे जण तिथेच थांबतील. तुझा तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: परीक्षा कितीही उघडी असली, तरी महागडे क्लास परवडणारा पुढेच राहणार. खरं आहे, पारदर्शकता ही विषमता मिटवत नाही. पण विषमता किती आहे हे पारदर्शकतेवाचून मोजताही येत नाही. तमिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन समितीनं २०२१ मध्ये ‘नीट’विरुद्ध बाजू मांडली, ती प्रवेशांच्या आकडेवारीच्या आधारे: ग्रामीण मुलं किती, तमिळ माध्यमाची किती. समितीचा निष्कर्ष तू नाकारू शकतोस, पण आकडे आहेत म्हणून वाद तरी नीट घालता येतो.

खरा अंधार यादी लागल्यानंतरच्या वाटेवर आहे. २०२३ मध्ये पदव्युत्तर प्रवेशाच्या फेऱ्या सुरू असताना रिकाम्या जागा भरायच्या म्हणून पात्रतेची पर्सेंटाइल मर्यादा थेट शून्यावर आणली गेली. जागा वाया जाऊ नयेत, हा हेतू समजू शकतो. पण खेळ अर्ध्यावर आल्यावर नियम बदलला, की आधीच्या नियमावर विसंबून निर्णय घेतलेला मुलगा नाडला जातो आणि खालच्या क्रमांकावर असूनही जबर फी भरू शकणाऱ्याला दार उघडतं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पदव्युत्तर प्रवेशांसाठी मूळ गुण, उत्तरतालिका आणि गुणांच्या समानीकरणाचं सूत्र जाहीर करायला सांगितलं. शिवाय खासगी आणि अभिमत संस्थांनी शिकवणी शुल्क, वसतिगृह, अनामत यांचा तपशील प्रवेशफेऱ्यांच्या (समुपदेशनाच्या) आधीच द्यावा, असंही बजावलं. एवढी साधी गोष्ट करून घ्यायला देशाचं सर्वोच्च न्यायालय लागावं, यातच तुझ्या ‘प्रश्न मिटला’ला उत्तर आहे.

म्हणून माझी मागणी दोनच गोष्टींची: नियम आणि फी फेऱ्या सुरू होण्याआधी जाहीर व्हावेत आणि मध्येच बदलू नयेत, आणि फेऱ्या संपल्यावर प्रत्येक जागा कोणत्या क्रमांकाला, कोणत्या कोट्यातून, किती शुल्कात गेली हे नाव न देता प्रसिद्ध व्हावं. यात कुणाचा हक्क कमी होत असेल, तर तो कुणाचा, एवढं मला पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
श्रीधर