मुलगा नेमकं काय करतो?

गेल्या हिवाळ्यात पुलगावला माझ्या धाकट्या बहिणीकडे पाहुणे आले होते. तिच्या मुलासाठी रिश्त्याची बोलणी होती. चहा-नाश्ता झाला आणि मुलीच्या वडिलांनी विचारलं, "साहेबजादे काय करतात?" बहीण लगेच म्हणाली, "पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. हाताखाली 12 माणसं आहेत." पाहुण्यांचे चेहरे खुलले. भाचा मात्र खाली सतरंजीकडे पाहत बसला होता. त्याची नोकरी जाऊन दीड महिना झाला होता. त्या खोलीत हे तिघांनाच ठाऊक होतं : त्याला, त्याच्या आईला आणि मला.

मी गप्प बसले. वर्गात मुलांना खरं बोलायला सांगणारी मी, त्या दिवशी बिस्किटांची बशी पुढे सरकवत राहिले.

पाहुण्यांना सोडायला भाचा स्टेशनवर गेला. परत आला तो सरळ माझ्यापाशी. "खाला, मी त्यांना सांगून टाकलं." चार दिवसांनी नकार आला. बहिणीने पंधरा दिवस मुलाशी अबोला धरला.

त्या दिवसांत मी त्याला विचारलं, "बेटा, टीम लीड म्हणजे नेमकं काय करायचास तू?" इतकी वर्षं तो नोकरीत होता आणि घरातल्या कुणीही त्याला हा प्रश्न विचारला नव्हता. आम्ही पद विचारलं, पगार विचारला, काम कधीच विचारलं नाही.

आमचे दादा पुलगावच्या कापड गिरणीत डॉफर होते. डॉफर म्हणजे साच्यावरच्या भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावणारा. पदाचं नाव ऐकलं की काम कळायचं. सॉफ्टवेअरमध्ये तसं नाही, हे मला भाच्याने समजावलं. नुकत्याच कॉलेजातून आलेल्या मुलाला टीसीएसमध्ये 'असिस्टंट सिस्टम इंजिनिअर' म्हणतात, इन्फोसिसमध्ये 'सिस्टम्स इंजिनिअर', विप्रोमध्ये 'प्रोजेक्ट इंजिनिअर'. नावं तीन, पायरी साधारण एकच. या नावावरून तो प्रोग्राम लिहितो, दुसऱ्याने लिहिलेला तपासतो की ग्राहकाच्या तक्रारी सोडवतो, हे कळत नाही. एका कंपनीत दोन वर्षांत 'सीनियर' होता येतं, दुसरीत पाच वर्षं लागतात.

"मग तू काय करायचास?" मी पुन्हा विचारलं. तो थोडा वेळ थांबला. "पहिली पाच वर्षं प्रोग्राम लिहिले. नंतरची चार वर्षं मीटिंगा केल्या आणि कुणाचं काम कुठवर आलं याचे तक्ते भरले. आता मुलाखतीला गेलो की विचारतात, अलीकडे स्वतःच्या हाताने काय बनवलंत? तिथे माझी बोलती बंद होते."

ही त्याच्या एकट्याची गोष्ट नाही. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12 हजार लोक, म्हणजे एकूण कर्मचाऱ्यांपैकी 2 टक्के, कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यांत मुख्यतः मधल्या आणि वरच्या पदांवरचे लोक असतील, असंही सांगितलं. भाचा दुसऱ्याच कंपनीत होता, पण मार त्याच पायरीवर बसला. पद कंपनीचं असतं. कंपनी सुटली की ते तिथेच राहतं. सोबत येतो तो फक्त हातातला हुनर.

त्यानंतर तीन महिने भाचा फजरनंतर कॉम्प्युटरसमोर बसायचा तो दुपारपर्यंत. विसरलेलं पुन्हा शिकला, नवीन शिकला. साधे प्रोग्राम आता एआय क्षणात लिहून देतं. "पण त्याने लिहिलेलं बरोबर की चूक, हे ओळखायला आपल्याला यावं लागतं, खाला," तो म्हणायचा. अलहमदुलिल्लाह, आता तो नागपुरात एका लहान कंपनीत कामाला आहे. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे आणि पद नुसतं 'डेव्हलपर'. बहीण अजून कधी कधी शेजारणींना 'टीम लीड'च सांगते. मी तिला टोकत नाही, पण तिथे मुलगा हजर असला तर तो स्वतःच दुरुस्ती करतो.

मागच्या पालकसभेत एका विद्यार्थ्याचे वडील भेटले. ऑटो चालवतात. म्हणाले, "मॅडम, पोराला बीसीए करू की इंजिनिअरिंग? लोकांनी इंजिनिअर म्हणावं, एवढीच तमन्ना आहे." पूर्वी मी डोळे झाकून 'इंजिनिअरिंग' म्हटलं असतं. या वेळी म्हटलं, "भाईसाहेब, इंजिनिअरिंगला दरवाजे जास्त उघडतात हे खरं. पण खर्च पेलत नसेल तर कर्ज काढू नका. बीसीए, बीएस्सी झालेल्या मुलांनाही मोठ्या कंपन्या घेतात. कॉलेज निवडताना तिथे मुलं स्वतः काही बनवतात का, एवढं विचारा. गणित आणि इंग्रजी आतापासून पक्कं करू या, ते माझ्याकडे लागलं." ते काही वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "पोराच्या दुरुस्तीच्या भानगडी असतात घरात. बिघडलेलं मीटरही त्यानेच जुळवलं." मी म्हटलं, "मग सुरुवात झालीच की."

वाचक भगिनींनो, उद्या तुमच्या घरी रिश्त्याची बोलणी निघाली, तर मुलगा किंवा मुलगी कोणत्या पदावर आहे एवढ्यावर थांबू नका. दिवसभर नेमकं काय काम करता, असं विचारा. आणि आपल्या मुलांना हा प्रश्न पाहुण्यांच्या आधी आपणच विचारू या. मी माझ्या भाच्याला तो नऊ वर्षं उशिरा विचारला.