रविवारचं धनसाक

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, बावीस वर्षं सातारा-महाबळेश्वर एसटी चालवली. पाचगणीतला एक जुना पारशी बंगला, आता हॉटेल झालेला, त्यांच्या वाटेवरच होता. रविवारी दुपारच्या फेरीला तिथला तळलेल्या कांद्याचा वास थेट केबिनमध्ये यायचा, असं ते नेहमी सांगायचे. आत मात्र कधी गेले नाहीत. खाली गाडीभर माणसं खोळंबलेली असायची.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी त्यांना मुद्दाम रविवारीच घेऊन गेलो. वाई सोडून पसरणीचा घाट चढताना दर वळणाला त्यांचा उजवा पाय नकळत दाबला जात होता.

पाचगणी वसवली जॉन चेसन या इंग्रजाने, १८६०च्या दशकात. इथले सिल्व्हर ओक त्यानेच लावले. साहेबाचं रविवारचं जेवण म्हणजे चर्चहून आल्यावर भाजलेलं मांस आणि बटाटे. साहेब गेला, बंगले उरले, आणि पारशी घरांनी रविवार आपल्या पद्धतीने सांभाळला. रविवार म्हणजे धनसाक, आणि त्यावर गाढ झोप.

मालकीणबाई सत्तरीच्या. त्यांनी स्वतः वाढलं. साखर जाळून तपकिरी केलेला भात, त्यावर दालचिनीचा तुकडा. डाळ इतकी घोटलेली की भोपळा कुठला, वांगं कुठलं कळू नये. त्यात हाडापासून सुटलेलं मटण. वर कच्चा कांदा आणि लिंबू. माझी बायको इस्लामपूरची, अख्खा मसूर खात वाढलेली. पहिल्याच घासाला म्हणाली, "मामा, ह्यात मसूर हाय बघा!"

"आहेच," बाई खूश झाल्या. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्यात माणूस गेल्यावर तीन दिवस मांस शिजत नाही, चौथ्या दिवशी धनसाक होतं. म्हणून लग्नकार्यात ते कधीच करत नाहीत.

अण्णा थांबले. आईला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. "आमच्यात तेराव्याला गोड करत्यात," ते म्हणाले. "त्यानंतर तोंडाला चव यायला लई दिवस लागले." बाईंनी काही न बोलता त्यांच्या ताटात आणखी एक मऊ तुकडा वाढला.

आमच्याकडे रविवारी आई मटणाचा रस्सा करायची, कांदा-लसूण मसाल्याचा, डोळ्यांतून पाणी काढणारा. धनसाक त्या मानाने फारच सौम्य, किंचित आंबटगोड. अण्णांना आवडेल का, ही धाकधूक मला साताऱ्यापासून होती. त्यांनी भात कालवला, बोटं चाटली, पुन्हा कालवला.

बाहेर रस्त्यावरून लाल गाडी गेली. व्हरांड्याच्या काचा थरथरल्या. मला वाटलं, आता ते घड्याळ बघतील. त्यांनी ताट पुढे केलं.

"थोडी डाळ वाढता का, बाई?"