शेवटचं पान आधी वाचणाऱ्या मावशीस

ती. मावशी,



तू वाचनालयातून बाबूराव अर्नाळकर आणायचीस आणि घरी पोचायच्या आत शेवटचं पान वाचून टाकायचीस, हे मला कधीच पटलं नाही. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसानं, आणि तू हातात येईल तिचा भर रस्त्यात निकाल लावायचीस! वर पुन्हा रात्री सगळे झोपले तरी तेच पुस्तक नाकाशी धरून बसलेली. त्यांचा नायक झुंजार सहीसलामत सुटणार हे ठाऊक असताना तुझा जीव कशाला टांगणीला लागायचा गं? विचारलं की म्हणायचीस, "सुटणार हे कळलंय रे. कसा सुटणार, ते कुठं कळलंय?"

मला ती शुद्ध पळवाट वाटायची. पुढे सिनेदिग्दर्शक हिचकॉकनं त्रुफोला दिलेली मुलाखत वाचली. तो म्हणतो, टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल, तर स्फोटाचा धक्का पंधरा सेकंदांचा. ठाऊक असेल, तर टेबलाभोवती चाललेल्या अगदी फालतू गप्पासुद्धा पंधरा मिनिटं घाम फोडतात. अगं मावशी, हे तर तुझंच म्हणणं! त्याचं पुस्तक निघालं आणि तू रात्री पाणी भरायला उठत राहिलीस, एवढाच फरक.

'दृश्यम' आपण तुझ्याकडेच पाहिला होता, निशिकांत कामतचा, २०१५ चा. मरण कुणाच्या हातून आलं ते आपण डोळ्यांनी पाहिलेलं, म्हणजे कोडं असं उरलंच नव्हतं. तरी पोलिस त्या धाकट्या पोरीला विचारायला लागले तेव्हा तू माझं मनगट घट्ट धरलंस. "बोलू नकोस गं बाई," असं पडद्याकडे बघून पुटपुटलीस. गुन्हा लपवणाऱ्या माणसाच्या बाजूनं तू, जन्मभर सरळमार्गी! त्या घराचं काही वाईट होऊ नये, एवढंच तुला हवं होतं. नुसत्या 'खुनी कोण'च्या गोष्टी मला पुन्हा वाचवत नाहीत, त्या याचमुळे. त्यात जीव लावावा असं माणूसच नसतं.

पण मावशी, 'पाठलाग'बद्दल मी तुला माफ केलेलं नाही. राजा परांजप्यांचा, १९६४ चा. बायकोला स्वतःच्या हातांनी अग्नी दिलेला वकील, आणि कोर्टात हुबेहूब तिच्यासारखी बाई, त्यांच्या संसारातल्या खुणा सांगणारी. काशीनाथ घाणेकरांच्या चेहऱ्याबरोबर माझाही चेहरा पांढरा पडत होता. आणि नेमकी तेव्हाच तू वाकलीस आणि कानात सगळं सांगून मोकळी झालीस! का? मी घाबरलोय असं वाटलं तुला? घाबरलोच होतो, मजेत घाबरलो होतो. उरलेला सिनेमा मी तुझ्या रीतीनं पाहिला. तोही आवडला, खोटं कशाला बोलू? पण वकिलावर विश्वास ठेवावा की त्या बाईवर, हे कळेनासं होऊन तळमळायचं, ते राहिलंच. ते आता कितीही वेळा पाहिला तरी मिळायचं नाही. आपल्या मर्जीनं शेवटचं पान उघडणं वेगळं, आणि दुसऱ्यासमोर ते उघडून धरणं वेगळं.

लंडनमध्ये ॲगाथा ख्रिस्तीचं 'माउसट्रॅप' हे नाटक १९५२ साली सुरू झालं. खुनी कोण ते बाहेर सांगू नका, अशी विनंती तिथं प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना करतात. पिढ्या उलटल्या, तरी नव्या माणसाला कोरं बसता यावं म्हणून ही धडपड.

सांगायचं कारण, येत्या रविवारी तुझ्या नातीला घेऊन येतोय. 'पाठलाग' तिनं पाहिलेला नाही, त्यावरून निघालेला हिंदी 'मेरा साया'सुद्धा नाही. ती तुझ्याच शेजारी बसणार, हट्टच आहे तिचा. मनगट धर, हवं तेवढं घट्ट धर. पण कोर्टाचा प्रसंग सुरू झाला की तोंडात सुपारी टाक आणि शेवटपर्यंत चघळत बस.

तुझा,
भाचा