दोरावरची पोरगी आणि माझी एक जुनी बातमी

परवा दारव्ह्याच्या बाजारात कांद्याच्या ढिगांपलीकडे ढोलकी वाजली आन् पाय आपोआप तिकडे वळले. डोंबाऱ्याचा खेळ! हल्ली फारसा दिसत नाही. नऊ-दहा वर्षांची पोरगी दोरावर होती.

गर्दी पोरीकडे पाहत असते. तुम्ही एकदा आधीची तयारी पाहा. बांबूच्या दोन कैच्या, त्यांच्यावरून ताणलेला दोर, दोन्हीकडे जमिनीत मेखा. मेख सरळ ठोकत नाहीत, दोराच्या उलट्या बाजूला कलती ठोकतात. ताण आला तरी उपटत नाही. मग बाप दोराला लोंबकळून भार देऊन पाहतो. खाली जाळी नाही, कमरेला पट्टा नाही. पोरगी हातात लांब काठी आडवी धरते. काठी जेवढी लांब तेवढा तोल जायला वेळ लागतो, अन् त्या अर्ध्या क्षणात पाय सावरून घ्यायचा. नजर खाली नाही, समोरच्या कैचीच्या गाठीवर. असं जाऊन आली, की तेच पुन्हा पायाखाली ताटली घेऊन. ताटली दोरावरून सरकवत, डोक्यावर गडवा. माझ्या बाजूचा भाजीवाला वजनकाटा हातात धरून तसाच उभा राहिला.

सांगलीकडच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत आपल्या देशाची पहिली सर्कस उभी केली, ते आपण अभिमानाने सांगतो. १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, तेही सांगतो. दोरीच्या मल्लखांबावर राज्य पातळी गाजवलेल्या पोरीला दहावीला क्रीडा गुण मिळतात. मिळायलाच पाहिजेत. अन् बाजारातल्या या दोराला? आपल्या राज्याच्या १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याची व्याख्या आहे. सार्वजनिक जागी गाणं, नाच, कसरतीचे खेळ अशा निमित्ताने पैसे मागणंही त्यात येतं. म्हणजे तंबूत तिकीट काढून पाहिली तर कला, रस्त्यावर पाहिली तर भीक.

हे मी कोणत्या तोंडानं सांगतो? वीसेक वर्षांपूर्वी, नवीन वार्ताहर असताना, मीच अशाच एका पोरीचा फोटो छापून आणला होता. मथळा, ‘चिमुकलीचा जिवाशी खेळ’. चार कॉलम. लोकांनी फोन करून कौतुक केलं. पुढच्या बाजारात त्या कुटुंबाला हुसकून लावलं म्हणे. त्या पोरीचं पुढे काय झालं, याची बातमी मी केली नाही. कुठे गेले, तेही विचारलं नाही.

बातमी खोटी नव्हती, हेही खरं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत लहान मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणायला सांगितलं, ते योग्यच झालं. पाठीचा कणा मोडला तर त्या पोरीला कोण सांभाळणार? पण ही विद्या अशी, की अंग कोवळं असतानाच पायात उतरते. विशीत कोणी दोरावर चढायला शिकत नाही. माझ्याकडे याचं उत्तर नाही बाप्पा.

खेळ संपल्यावर ढोलकी वाजवणाऱ्या आईला विचारलं, “ताई, लेकरू शाळेत जाते का?”

“नाव हाय ना शाळंत. गावी राह्यतो तवा जाते. भाऊ, दोरावर चालता येते म्हणून शाळंत तिले कोनी कायी म्हणलं नायी. मास्तरले मालूमच नसन.”

पोरगी तोपर्यंत मेखा उपटून दोर गुंडाळत होती. हाताच्या कोपरावरून अंगठ्यावर, पुन्हा कोपरावर, आपल्या आया लोकर गुंडाळायच्या तसा. मी मोबाईल बाहेर काढला, अन् परत खिशात ठेवला. म्हणून या पोस्टसोबत फोटो नाही.

गावाचं नाव मात्र त्या माउलीनं सांगितलं आहे. तिथल्या गुरुजींना पुढच्या आठवड्यात भेटून येतो.